नगरसेवकांसाठी वर्तन-मार्गदर्शिका: कायद्यात आधीच काय आहे आणि आपण काय लिहावे?

डेक्कनकर (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी,

मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ ची निवडणूक होईपर्यंत सगळा कारभार प्रशासकाकडे होता. आता नगरसेवक आले आहेत. आमच्या भागातल्या काही सोसायट्यांनी मिळून प्रभागातल्या चारही सदस्यांपुढे दोन पानांची वर्तन-मार्गदर्शिका ठेवायचे ठरवले आहे. पक्ष कोणताही असो, चौघांनी ती वाचावी, सही करावी आणि पुढची पाच वर्षे त्या कागदावर बोट ठेवून बोलता यावे, हा हेतू.

मसुदा झाला आहे, पण समाधान होत नाही. 'पारदर्शक कारभार करीन', 'सौजन्याने वागेन', 'भ्रष्टाचाराला थारा देणार नाही' अशी वाक्ये आहेत. यातले एखादे मोडले की पाळले, हे कशावरून ठरवायचे? म्हणून जाणकारांना विचारतो:

कायद्याने आधीच बंधनकारक काय आहे, कलमासकट? हितसंबंध जाहीर करण्याबद्दल नेमके काय लिहून घ्यावे? प्रभागातल्या कामांच्या याद्या आणि अधिकाऱ्यांना दिले जाणारे तोंडी आदेश यांवर काय बंधन घालता येईल? आणि मोडले तर नागरिकाने जायचे कुठे?


कलमकर

आधी एक गल्लत दूर करू. आचारसंहिता म्हटले की लोकांना निवडणुकीची आदर्श आचारसंहिता आठवते. ती राज्य निवडणूक आयोगाची, निवडणुकीपुरती. निवडून आल्यानंतरची बंधने महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये ठिकठिकाणी विखुरलेली आहेत. तुमच्या दोन पानांतले पहिले अर्धे पान ती एकत्र मांडण्यासाठीच ठेवा. 'हे तर कायद्यातच आहे' एवढे म्हणता आले की सही करायला कुरकुर कमी होते.

कलम १० अपात्रतेचे. महापालिकेशी झालेल्या किंवा महापालिकेसाठी केलेल्या कंत्राटात नगरसेवकाचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हिस्सा असेल तर तो अपात्र ठरतो. याला अपवाद आहेत. कंत्राट घेणाऱ्या एखाद्या कंपनीचे शेअर नुसते जवळ असले म्हणून कोणी अपात्र होत नाही. पण खरी फट दुसरीकडे आहे. भावाच्या, मेहुण्याच्या किंवा जुन्या कामगाराच्या नावावर फर्म असली तर नाते दाखवून भागत नाही, नगरसेवकाचा स्वतःचा लाभ सिद्ध करावा लागतो आणि तिथेच बहुतेक तक्रारी अडकतात. म्हणून तुमच्या मार्गदर्शिकेत नाती नावानिशी मोजा: पती किंवा पत्नी, मुले, सुना-जावई, आई-वडील, भावंडे, पती-पत्नीची भावंडे. 'जवळचे नातेवाईक' एवढेच लिहिले तर ज्याने-त्याने सोयीचा अर्थ लावायचा.

त्याच कलमातले पोटकलम १-ड फार लोकांना माहीत नसते आणि माझ्या मते सर्वांत उपयोगाचे तेच. नगरसेवकाने स्वतः, पती-पत्नीने किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्या व्यक्तीने अनधिकृत बांधकाम केले, किंवा नगरसेवकाने त्याला मदत केली, किंवा पाडकाम करणाऱ्या अधिकाऱ्याला लेखी पत्र देऊन अथवा प्रत्यक्ष उभे राहून अडवले, तर उरलेल्या मुदतीसाठी अपात्रता येते. शब्द नीट पाहा: लेखी किंवा प्रत्यक्ष. फोनवरून 'जरा थांबा' म्हटले तर हाती पुरावा उरत नाही. त्यावर खाली कोणी लिहीलच.

कलम ११ पद जाण्याबद्दल: सभेची परवानगी न घेता सलग तीन महिने मुख्य सभेला गैरहजर राहिल्यास पद जाऊ शकते. पद गेले की नाही असा वाद झाला तर कलम १२ खाली तो न्यायाधीशांपुढे जातो. पण तो पाठवायचा कोणी? तो सदस्य स्वतः, दुसरा कोणताही सदस्य, किंवा महापालिकेने सांगितल्यावर आयुक्त. नागरिकाने थेट अर्ज करण्याची वाट या कलमात लिहिलेली नाही. त्यामुळे पुरावा जमवला तरी तो पुढे नेणारा एखादा नगरसेवक लागतो. कलम १३ खाली गैरवर्तनाबद्दल पदावरून दूर करण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे, आधी त्या सदस्याचे म्हणणे ऐकून.

पक्षाचा व्हिप (मतदानाबद्दलचा पक्षादेश) मोडणे हा वेगळा विषय. त्याला १९८६ चा सदस्य अनर्हता अधिनियम लागतो. तो मार्गदर्शिकेत आणू नका, नाहीतर नागरिकांचा कागद पक्षांच्या भांडणात सापडेल.


कार्यपत्रिका

सभागृहातल्या वागण्याबद्दल लोक मानदंड (महापौरांपुढचा अधिकारदंड) पळवणे, घोषणा, कागद फाडणे एवढ्याच गोष्टी धरून बसतात. ते वर्तमानपत्रात दिसते म्हणून. त्यासाठी पीठासीन अधिकाऱ्याकडे सदस्याला बाहेर जायला सांगण्याचे, पुन्हा तसेच झाले तर निलंबित करण्याचे अधिकार आहेतच. मार्गदर्शिकेत एक ओळ पुरे.

जास्त नुकसान शांतपणे होते. विषय पुकारला जातो, कोणी बोलत नाही, 'मान्य' म्हणून पुढचा विषय. त्या विषयात ज्याचा फायदा आहे तो सदस्य तिथेच बसलेला असतो. ज्या विषयात आपला आर्थिक हितसंबंध आहे त्याच्या चर्चेत आणि मतदानात भाग घ्यायचा नाही, हे सभा-कामकाजाच्या नियमांतच आहे. पाळले जात नाही कारण कोणी सांगत नाही आणि इतिवृत्तात नोंद होत नाही. म्हणून असे लिहून घ्या: विषय पुकारताच सदस्य उभा राहून हितसंबंध सांगेल, विषय संपेपर्यंत सभागृहाबाहेर जाईल आणि इतिवृत्तात नोंद घ्यायला नगरसचिवांना सांगेल. नोंदीचा नमुनाही देऊन टाका:

'विषय क्र. __ : सदस्य __ यांनी सदर मिळकतीलगतच्या जमिनीत आपल्या कुटुंबाचा हिस्सा असल्याचे सांगितले. चर्चा व मतदानाच्या वेळी ते सभागृहात उपस्थित नव्हते.'

दोन ओळी आहेत, पण सहा महिन्यांनी इतिवृत्त काढले की त्या सापडतात किंवा सापडत नाहीत. तपासायला तेवढे पुरते.

हा नियम कुठे लावायचा तेही स्पष्ट करा. निविदेच्या विषयाला लोक लावतात, पण विकास आराखड्यातला फेरबदल विसरतात. एमआरटीपी कायद्याच्या (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम) कलम ३७ खाली जमिनीवरचे आरक्षण, म्हणजे सार्वजनिक कामासाठी ती राखून ठेवणे, बदलण्याचा प्रस्ताव मुख्य सभेपुढे येतो, मग हरकती-सूचनांसाठी एक महिना मिळतो. एका सर्व्हे नंबरवरचे आरक्षण हलले की शेजारच्या जमिनीचे भाव हलतात. तसेच समाजमंदिर, व्यायामशाळा, अभ्यासिका चालवायला देण्याचे विषय. महापालिकेने बांधलेली वास्तू आणि चालवायला घेणारी संस्था नगरसेवकाच्याच घरची, हे पुण्यात पुष्कळदा दिसते. तिथे कंत्राट असा शब्द नसतो, करारनामा असतो, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही. संस्थेतले विश्वस्तपद हाही हितसंबंध, असे स्वच्छ लिहा.

आणखी एक. आयत्या वेळी दाखल होणाऱ्या विषयांना आणि उपसूचनांना (मूळ प्रस्तावात बदल सुचवणाऱ्या सूचना) नागरिक कधीच गाठू शकत नाहीत, कारण ते कार्यपत्रिकेवर, म्हणजे सभेच्या विषयांच्या यादीत, नसतात. आपल्या प्रभागातल्या कामाबद्दल, जमिनीबद्दल किंवा निधीबद्दल आयत्या वेळचा विषय आणि उपसूचना देणार नाही, तातडीच असेल तर त्याच दिवशी मजकूर प्रभागातल्या लोकांना पाठवीन, एवढे वचन घ्या.


मोजमाप

कामांच्या याद्यांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण पैसा तिथे जातो.

अंदाजपत्रकात प्रभागातल्या लहान कामांची, नगरसेवकांनी सुचवलेली तरतूद असते. बोलीत तिला 'स' यादी म्हणतात. नगरसेवक काम सुचवतो. पूर्वगणनपत्रक (खर्चाचा अंदाज) अभियंता करतो, निविदा प्रशासन काढते, कार्यादेश (काम सुरू करण्याचा आदेश) प्रशासन देते, बिल प्रशासन काढते. कार्यकारी अधिकार आयुक्तांचे आहेत, नगरसेवकाचे नाहीत, हे मार्गदर्शिकेत ठळक लिहा. कागदावरचा हा क्रम प्रत्यक्षात उलटा होतो तेव्हा गडबड सुरू होते: आधी ठेकेदार ठरतो, मग त्याला जमेल ते काम ठरते, मग त्या रकमेचे पूर्वगणनपत्रक होते.

एक पदपथ घ्या. चांगले ब्लॉक उखडून नवे बसवायचे पत्र येते. पत्रात 'अमुक चौक ते तमुक चौक पदपथ सुशोभीकरण' एवढेच. लांबी नाही, रुंदी नाही, आधीचे काम कधी झाले ते नाही. त्याच पदपथाचे काम पथ विभागाच्या तरतुदीत आणि क्षेत्रीय कार्यालयाच्या तरतुदीत, दोन्हीकडे असू शकते. प्रभागात चार सदस्य असल्याने दोघांनी दोन नावांनी तेच काम सुचवलेलेही असते. एकाच्या पत्रात चौकाचे जुने नाव, दुसऱ्याच्या पत्रात मंदिराचे. मग ज्या रकमेपुढे ऑनलाइन निविदा काढावी लागते त्या ई-निविदेच्या मर्यादेखाली राहावे म्हणून एकाच रांगेतल्या कामाचे भाग एक, भाग दोन, भाग तीन असे तुकडे पडतात. साठ मिलिमीटरचा ब्लॉक पुरतो तिथे ऐंशीचा दर धरला जातो, किंवा धरला ऐंशीचा आणि बसला साठचा. जुने ब्लॉक कुठे गेले हे कोणी विचारत नाही.

हे सारे एका साध्या अटीने बरेच आवरते. नगरसेवक काम सुचवणारे प्रत्येक पत्र ठरलेल्या नमुन्यात देईल: जागेची दोन्ही टोके, अंदाजे लांबी-रुंदी, तिथे शेवटचे काम कोणत्या वर्षी झाले, त्याचा दोषदायित्व कालावधी (कामातल्या दोषांना ठेकेदार जबाबदार असतो तो काळ) संपला का, आणि कोणत्या नागरिकांनी मागणी केली. पत्राची प्रत उरलेल्या तिघांना. चौथ्या प्रश्नावर सर्वांत जास्त भर द्या. दोषदायित्व कालावधी चालू असेल तर दुरुस्ती आधीच्या ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते, आणि त्याच काळात नवे काम सुचवले गेले की महापालिका एका खड्ड्याचे दोनदा पैसे देते.

वर्गीकरण वेगळे लिहा. अंदाजपत्रक मंजूर झाल्यावर एका कामाची तरतूद दुसऱ्याकडे वळवणे म्हणजे वर्गीकरण. खरी निकड असते तेव्हा ते हवेच. पण जानेवारी ते मार्च या काळात मोठ्या प्रकल्पांचे न खर्चलेले पैसे प्रभागातल्या बाकडी, कमानी, नामफलक, कापडी पिशव्या, कचऱ्याचे डबे यांकडे वळतात. मार्चअखेर बिल निघायला हवे म्हणून कामाची गुणवत्ता पाहायला वेळ राहत नाही. अट अशी असावी: वर्गीकरणाचा प्रस्ताव देताना कोणते काम थांबणार आणि का, हे लेखी सांगायचे. 'तरतूद उपलब्ध आहे' हे कारण नव्हे.

फलकांवर कोणाचे नाव, हा प्रश्न लोकांना क्षुल्लक वाटतो. मला वाटत नाही. करदात्याच्या पैशातून झालेल्या बाकड्यावर 'संकल्पना' म्हणून सदस्याचे नाव आणि छायाचित्र आले की पुढच्या वेळी गरजेपेक्षा नाव दिसेल अशी जागा शोधली जाते. फलकावर कामाचे नाव, रक्कम, ठेकेदार, दोषदायित्व कालावधीची अखेरची तारीख आणि तक्रारीसाठी कार्यालयाचा क्रमांक असू द्या. वाढदिवसाच्या फ्लेक्सबद्दलही एक ओळ हवी: अधिनियमाच्या कलम २४४ आणि २४५ खाली परवानगीशिवाय आकाशचिन्ह (इमारतीवर वा उंचावर उभारलेला फलक) वा जाहिरात लावता येत नाही, आणि १९९५ चा मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा आहेच. 'कार्यकर्त्यांनी लावला' हे उत्तर टाळायचे तर लिहून घ्या की आपले छायाचित्र असलेला विनापरवाना फलक कळल्यापासून २४ तासांत स्वतः काढून घेईन.


डेक्कनकर

फारच उपयोगी. दोन अडचणी राहतात. एक, निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी नगरसेविकेऐवजी पती किंवा दीर क्षेत्रीय कार्यालयात बसून सूचना देतात. हे न दुखावता कसे लिहावे? दुसरे, फोनवरच्या आदेशांचे काय?


कार्यपत्रिका

पहिल्याचे उत्तर: फक्त नगरसेविकांसाठी वेगळे कलम करू नका, सगळ्यांना सारखे लावा. 'महापालिकेच्या बैठकीला, पाहणीला आणि अधिकाऱ्यांशी चर्चेला निवडून आलेला सदस्य स्वतः हजर राहील. कुटुंबातली व्यक्ती किंवा स्वीय सहायक निरोप देऊ शकेल, निर्णय सांगू शकणार नाही. पत्रावर सही सदस्याचीच असेल.' पुरुष सदस्यांचे भाऊ आणि पुतणेही कार्यालयात ठाण मांडतात, त्यांनाही हे लागू होते. आणि नागरिकांनीही तक्रार करताना ताईंनाच फोन करायचा, साहेबांना नाही. सोसायट्यांचे पदाधिकारी सवयीने पतीशी बोलतात, मग कार्यालयाने काय वेगळे करावे?


मोजमाप

फोनबद्दल: अडवणूक तीन ठिकाणी होते. अतिक्रमण कारवाई, बांधकाम विभागाची नोटीस, आणि कर्मचाऱ्यांच्या बदल्या. एमआरटीपीच्या कलम ५३ किंवा महापालिका अधिनियमाच्या कलम २६० खाली नोटीस निघाल्यावर सदस्याला काही म्हणायचे असेल तर ते सहायक आयुक्तांना किंवा त्यांच्या वरच्या अधिकाऱ्याला लेखीच, आणि संबंधित व्यक्तीशी आपले नाते काय ते सांगून. कनिष्ठ अभियंता, आरोग्य निरीक्षक, मुकादम यांना थेट फोन नाही. रस्त्यावर पाणी तुंबले, झाड पडले अशा वेळी अपवाद. तेव्हा कोणीही कोणालाही फोन करावा.

याची दुसरी बाजू अधिकाऱ्याकडे आहे. तोंडी सूचना आली तर त्याने धारिकेवर (फाइलवर) 'दि. __ रोजी दूरध्वनीवरून मा. सदस्य __ यांनी सूचना केली' अशी टिप्पणी लिहावी. सहायक आयुक्तांना भेटून ही प्रथा सुरू करायला सांगा. कलमकरांनी वर सांगितलेले पोटकलम फोनला लागत नाही, पण धारिकेवर टिप्पणी असेल तर अडवणुकीचा पुरावा उभा राहू लागतो. अधिकाऱ्यावर हात टाकला, धक्काबुक्की केली तर भारतीय न्याय संहितेचे कलम १३२ आहे, जुन्या दंड संहितेतले ३५३.


प्रभागपाहणी

आता मोडल्यावर काय, ते. आणि पाळले जाते का, हे कसे पाहायचे.

पाहायला तीन कागद लागतात. सदस्यांची पत्रे, मुख्य सभेची व प्रभाग समितीची इतिवृत्ते, आणि कामाचे मोजमाप पुस्तक (प्रत्यक्ष झालेल्या कामाची मापे अभियंता लिहितो ते). पहिले दोन संकेतस्थळावर किंवा नगरसचिव कार्यालयात मिळतात का ते आधी पाहा, मग माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, प्रतीला पानामागे २ रुपये, उत्तराला ३० दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. लोक चार खात्यांचे प्रश्न एकात कोंबतात आणि अर्ज फिरत राहतो. 'प्रभागातील सर्व कामांची माहिती' असे मागू नका. एका कार्यादेशाचा क्रमांक देऊन त्याचे पूर्वगणनपत्रक, मोजमाप पुस्तकाची पाने आणि देयक मागा. त्याहून सोपे म्हणजे अभिलेख पाहणी: २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन परिपत्रकानुसार जिल्हास्तरीय कार्यालये व स्थानिक स्वराज्य संस्थांत सोमवारी दुपारी ३ ते ५ कागद पाहता येतात. टेप घेऊन आधी पदपथ मोजा, मग पुस्तक पाहा. उलट क्रमाने केले तर पुस्तकातला आकडा डोक्यात बसतो आणि टेप तिथेच थांबते.

तक्रारीचे दरवाजे वेगवेगळे आहेत, एकाच अर्जाच्या दहा प्रती सगळीकडे पाठवल्या की एकही नीट उघडत नाही. काम निकृष्ट असेल तर क्षेत्रीय कार्यालय आणि दक्षता विभाग. अपात्रतेचा मुद्दा असेल तर आयुक्त, आणि कलम १२ साठी एखादा सदस्य. गैरवर्तन असेल तर नगरविकास विभाग. पैसे मागितले असतील तर थेट लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, १०६४. नगरसेवक हा लोकसेवकच आहे. तिथे पैसे देण्याआधी जा. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवल्यासच सुटका आहे.

बाहेरच्या एका पद्धतीचा उल्लेख करतो, कारण नमुना म्हणून ती चांगली आहे. इंग्लंडमध्ये २०११ च्या लोकलिझम कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेला सदस्यांसाठी संहिता करावीच लागते. निवडून आल्यावर २८ दिवसांत आर्थिक हितसंबंध नोंदवहीत लिहायचे, त्यात पती-पत्नीचे हितसंबंधही येतात, आणि जाणूनबुजून लपवले तर तो फौजदारी गुन्हा. तिथल्या स्थानिक संस्थांच्या संघटनेने २०२० मध्ये केलेल्या नमुना संहितेत ५० पौंड किंवा त्याहून जास्त किमतीची भेट २८ दिवसांत नोंदवायची आहे. आपल्याकडे उमेदवारी अर्जासोबत मालमत्तेचे शपथपत्र घेतात, पण ते त्या दिवसापुरते. तिसऱ्या वर्षी घेतलेली जमीन त्यात कुठून दिसणार? म्हणून दरवर्षी १ एप्रिलला नव्याने घोषणापत्र, आणि मध्येच बदल झाला तर ३० दिवसांत पुरवणी, असे लिहा. त्यात प्रभागातली व लगतच्या प्रभागातली जमीन-मिळकत, कुटुंबातल्यांच्या फर्म, संस्थांतली पदे, एवढे पुरे. बँकेतल्या शिलकेत शिरू नका, त्याने कामाचे काही कळत नाही आणि सही मात्र अडते.


कलमकर

वरचे सगळे घ्या, फक्त दोन गोष्टी सांभाळा.

मार्गदर्शिकेला कायद्याचे बळ नाही, ती नागरिक आणि सदस्य यांच्यातली लेखी कबुली आहे. म्हणून दोन रकाने करा: डावीकडे 'कायद्याने बंधनकारक', कलमासह, उजवीकडे 'स्वेच्छेने मान्य'. दोन्ही एकत्र मिसळले तर स्वेच्छेची अट मोडली म्हणून कोणीतरी अपात्रतेची मागणी करील, ती फेटाळली जाईल आणि कागदाची पत जाईल.

दुसरे, सही न करणाऱ्याबद्दल 'भ्रष्टाचाराचे समर्थक' वगैरे लिहून फलक लावू नका किंवा ग्रुपवर फिरवू नका. अब्रुनुकसानीचे कलम, न्याय संहितेतले ३५६, तुमच्यावरच येईल. 'दि. __ रोजी प्रत दिली, पोच मिळाली, सही झालेली नाही' एवढीच वस्तुस्थिती लिहा. प्रत चौघांना एकाच दिवशी आणि आवक क्रमांक घेऊन द्या. एकाला आधी गाठले की उरलेले तिघे तो कागद त्याच्या पक्षाचा समजतात. प्रभाग समितीवर नागरी संघटनांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी नेमण्याची तरतूद महापालिका अधिनियमाच्या कलम २९-अ मध्ये आहे. त्या नेमणुका तुमच्या क्षेत्रीय कार्यालयात झाल्या आहेत का ते विचारा. झाल्या असतील तर त्यांच्यापैकी एकाकडून मार्गदर्शिका समितीच्या कार्यपत्रिकेवर आणा. मग ती इतिवृत्तात येईल, आणि सही न करणाऱ्यालाही त्यावर काहीतरी बोलावे लागेल.